बुडणारे मिसरी, देवदूतांचं गाणं आणि अर्धं हल्लेल

पेसाह, म्हणजे मिसरच्या गुलामगिरीतून सुटकेचा यहुदी सण, आला की मुंबई-ठाण्याच्या बेने इस्रायली (मराठी यहुदी) घरांत शरबतासाठी काळ्या मनुका भिजत पडतात आणि सेदेरच्या, म्हणजे सणाच्या विधिवत जेवणाच्या, रात्री एक गोष्ट हमखास निघते. इस्राएल लोकांचा पाठलाग करणाऱ्या मिसऱ्यांवर दुभंगलेला समुद्र कोसळला, देवदूत गायला निघाले, तेव्हा परमेश्वर म्हणाला, 'माझ्या हातची निर्मिती समुद्रात बुडतेय आणि तुम्ही गीत म्हणता?' गोष्ट तलमूदातलीच आहे, म्हणजे रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) चर्चांच्या प्राचीन ग्रंथातली: त्याच्या मगिल्ला (१०ब) आणि सनहेद्रिन (३९ब) या भागांतली. पण ती तिथेच थांबवली जाते, हे मला मनापासून खटकतं. मगिल्लात लगेच पुढे रब्बी एलाझार म्हणतात: परमेश्वर स्वतः आनंदत नाही, पण इतरांना आनंदवतो. अडवलं ते देवदूतांना. मोशे आणि इस्राएल लोकांनी शास्त्रातल्या निर्गम ग्रंथाच्या १५व्या अध्यायातलं गीत पूर्ण म्हटलं, मोशेची बहीण मिर्याम हिने डफ हाती घेतला, आणि त्यांना कोणी गप्प केलं नाही. पाण्यातून जीव वाचवून आलेल्याने गावं. ज्याच्या अंगावर थेंबही उडाला नाही, त्याने गाऊ नये. मला तरी त्या पानाचा अर्थ असाच लागतो. निर्गमावरचा मिद्राश (रब्बींचं कथारूप भाष्य) शमोत रब्बा (२३:७) तर वेगळंच सांगतो: देवदूतांना थांबवलं, कारण त्या रात्री इस्राएल लोकच संकटात होते.

भाष्यकार मिसऱ्यांना एका मापाने मोजत नाहीत. गीतात बुडणाऱ्यांना तीन उपमा आहेत: धोंड्यासारखे तळाला गेले (१५:५), भुसासारखे जळाले (१५:७), शिशासारखे बुडाले (१५:१०). मखिल्ता या निर्गमावरच्या जुन्या मिद्राशाच्या आधाराने मध्ययुगीन भाष्यकार राशी या तिन्हींची प्रतवारी लावतो. सर्वांत दुष्ट ते भुसासारखे वरखाली हेलकावत तडफडले, मधले धोंड्यासारखे गेले, आणि त्यातल्या त्यात बरे होते ते शिशासारखे एका क्षणात तळाला. मरण सगळ्यांनाच आलं, पण यातना ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणे. पुढे १५:१२ मध्ये 'पृथ्वीने त्यांना गिळलं' येतं. समुद्रात बुडालेल्यांना पृथ्वी कशी गिळेल? राशी सांगतो, त्यांना दफन लाभलं, कारण गारांच्या पीडेच्या वेळी मिसरचा राजा फारो 'परमेश्वर न्यायी आहे' असं बोलला होता (९:२७). तेवढ्या एका वाक्याचंही फळ बुडवलं नाही. प्रेतं किनाऱ्यावर का दिसली, याचं उत्तर तलमूदाच्या पसाहीम ११८ब मध्ये आहे: आपण या बाजूने वर आलो तसे तेही दुसऱ्या बाजूने निघाले असतील, अशी लोकांना धास्ती होती.

आता प्रार्थनेतला भाग, कारण घोटाळा इथे होतो. आपल्याकडे पेसाह आठ दिवसांचा. पहिले दोन दिवस पूर्ण हल्लेल, म्हणजे सणाला म्हणायची स्तुतीची स्तोत्रं ११३ ते ११८. उरलेले सहा दिवस ११५:१–११ आणि ११६:१–११ गाळायचं, हेच अर्धं हल्लेल. आपण पाळतो त्या सफारदी (यहुद्यांच्या दोन मोठ्या परंपरांपैकी एक) रिवाजात या अर्ध्या हल्लेलवर बराखा, म्हणजे आधीचं आशीर्वचन, म्हणत नाहीत. सवयीने तोंडातून निघते, म्हणून सुरुवात करणाऱ्याने आधीच सावध राहावं. कारण विचारलं की 'मिसरी बुडाले म्हणून' हे उत्तर तयार असतं. ते मिद्राशातलं आहे, खोटं नाही. पण तलमूदाचं (अराखीन १०ब) कारण यज्ञांचं आहे: सुक्कोत या मांडवांच्या सणात यज्ञाच्या बैलांची संख्या रोज बदलते, १३ वरून ७ पर्यंत उतरते, म्हणून रोज पूर्ण हल्लेल, पेसाहचे यज्ञ रोज सारखेच. शिवाय समुद्र दुभंगला सातव्या दिवशी, मग तिसऱ्या दिवसापासूनच का गाळायचं? मिश्ना ब्रुरा हा धर्मनियमांचा ग्रंथ उत्तर देतो: मधले दिवस शेवटच्या सणाच्या दिवसांपेक्षा वरचढ होऊ नयेत म्हणून.

सेदेरला प्याल्यातून थोडं थोडं शरबत सोळा वेळा सांडतात: 'रक्त, अग्नी, धूर' या शब्दांचे तीन, मिसरवर आलेल्या दहा पीडांचे दहा, आणि रब्बी यहूदाने त्या दहांच्या आद्याक्षरांचे जे तीन शब्द केले, त्यांचे तीन. 'शत्रूच्या दुःखाने आपला प्याला उणा होतो' हा अर्थ मोठा सुंदर आहे, पण पुष्कळ नंतरचा. महारिल हा धर्मपंडित (मृत्यू १४२७) सांगतो ते कारण कठोर आहे: या पीडा आपल्यापासून दूर राहोत, शत्रूंवर पडोत. मुलांना दोन्ही सांगा. ज्या हागादात, म्हणजे सेदेरला वाचायच्या पोथीत, रब्बी अकीवा समुद्रावरच्या पीडा २५० मोजतात, त्याच हागादाभोवती हा हळवा अर्थही वाढला. एक लपवून दुसरा सांगितला तर परंपरा आपल्या सोयीची होते, खरी राहत नाही.

शरबताचं एवढंच: मनुका भिजवण्याआधी दाबल्यावर ओल सुटली पाहिजे. ठणठणीत कोरड्या मनुकांचं पाणी किद्दूशला (प्याल्यावर म्हणायच्या सणाच्या आशीर्वादाला) चालत नाही, आणि पाणी बेताचंच घालावं. सांडायला वेगळं भांडं ठेवा, त्यातलं प्यायचं नाही, फेकून द्यायचं. दुसरा प्याला मग पुन्हा काठोकाठ भरून घ्यायचा, कारण पुढचं हल्लेल त्याच प्याल्यावर सुरू होतं.