तुम्ही विचारलंत म्हणून: पेटी येते, मग जॅझ पियानो कुठून धरायचा?

नागपुरात जॅझ पियानोचा विषय निघाला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "काय जी, पेटी तर येते आपल्याला. भजनाला, नाट्यगीताला साथ करतो. मग पियानोवर जॅझ वाजवायचा तर सुरुवात कुठून करायची? की त्यासाठी मुंबईच गाठावी लागते?"

मुंबई गाठावी लागत नाही. उजव्या हाताचीही काळजी नको. पेटीवाल्याचा उजवा हात स्वर ओळखतो, ताना घेतो आणि गाणारा अचानक काळी 4 (चौथ्या काळ्या पट्टीचा सा) मागेल तर काळी 4 मध्ये जातो. अडचण आहे ती डाव्या हाताची. तो इतकी वर्षं भाता मारतोय. आपल्याला पाच बोटं आहेत हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही. म्हणून पहिलं वर्ष डाव्या हाताचं.

इथेच बहुतेक जण चुकीचं पुस्तक उघडतात. सिनेमाच्या गाण्यांच्या कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या) पुस्तकात डाव्या हाताला सा-ग-प अशी मूठ दिलेली असते. कॉर्ड बदलली की अख्खी मूठ उचलून दुसरीकडे टाकायची. त्यामुळे हात उड्या मारत राहतो, नजर पट्ट्यांवरून हलत नाही आणि खालच्या सप्तकात आवाज गढूळ होतो, कारण खर्जातल्या तारांचे उपस्वर दाटीवाटीने एकमेकांवर आदळतात. जॅझमध्ये कॉर्डची ओळख दोन स्वरांत असते, मूळ स्वरापासून मोजलेल्या तिसऱ्यात आणि सातव्यात. मूळ स्वर बेसवाला सांभाळतो, आणि पाचव्यावाचून कोणाचं अडत नाही.

पांढरी 1 चा सा धरा, म्हणजे पियानोचा सी. जॅझमधली सगळ्यात नेहमीची वाट तीन कॉर्डांची: डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. म्हणजे रे वरून प वर आणि तिथून सा वर घरी. ही अख्खी वाट डाव्या हाताच्या दोन बोटांत बसते. आधी म आणि तार सा, मग म आणि नि, मग ग आणि नि. हा तार सा म्हणजे पियानोचा मधला सी. करंगळी म वर, अंगठा सा वर. दुसऱ्या कॉर्डला अंगठा एक पट्टी खाली येतो, करंगळी जागची हलत नाही. तिसऱ्या कॉर्डला करंगळी एक पट्टी खाली येते, अंगठा हलत नाही. संपलं. एका वेळी एकच बोट, तेही अर्ध्या स्वराने.

हाच आकार उलटाही येतो: सा खाली आणि म वर, मग नि-म, मग नि-ग. तो का लागतो हे पांढरी 5 मध्ये गेल्यावर कळतं. पहिला आकार तिथे एक तर फार खाली घुमतो, नाही तर वर जाऊन उजव्या हाताच्या वाटेत येतो. दोन्ही आकार येत असले की डावा हात मधल्या सीच्या आसपासचं घर सोडत नाही.

आता बारा पट्ट्या, म्हणजे बारा वेगवेगळे सा. पेटीवाला इथे पियानोच्या क्लासमधल्या पोरांपेक्षा पुढे असायला हवा, पण स्केल चेंजर पेटीने काहींची सवय बिघडवलेली असते. पट्टी सरकवायची आणि सगळं पांढरी 1 मधूनच वाजवायचं. डिजिटल पियानोवर हाच मोह ट्रान्सपोज नावाच्या बटणात बसलेला असतो. त्या बटणावर कागद चिकटवा. क्रम असा घ्या की प्रत्येक वेळी आधीचा मध्यम नवा सा होईल: पांढरी 1, पांढरी 4, काळी 5, काळी 2, काळी 4, काळी 1, काळी 3, पांढरी 7, पांढरी 3, पांढरी 6, पांढरी 2, पांढरी 5. गाणी याच क्रमाने सरकतात, म्हणून हा क्रम.

सराव करताना तानपुरा लावू नका. सा-प चा सूर मागे घुमत राहिला की कान प्रत्येक कॉर्डला साशीच ताडून पाहतो आणि कॉर्ड पुढे सरकल्याचं जाणवतच नाही. आणखी एक अडचण रागाच्या कानाला येते: पियानोचा ग चढा वाटतो. तो चढा असतोच. शुद्ध जुळवलेल्या गांधारापेक्षा पियानोचा गांधार 14 सेंट वर असतो, म्हणजे अर्ध्या स्वराचा साधारण सातवा भाग. ही बारा पट्ट्यांत फिरण्याची किंमत. एखादी पेटी गांधार ट्यूनिंगची असेल तर तिच्यावर या कॉर्डांचा सराव करू नका. एका पट्टीत गोड लागेल ते चार पट्ट्या पुढे गेल्यावर टोचेल. नाही तर साध्या पेटीवर सराव होतो, फक्त भाता मारायला घरातलं एखादं लेकरू तयार पाहिजे.

सुरुवातीला गाणं घेऊ नका, ब्लूज घ्या, जॅझवाल्यांचा बारा बारांचा ठरलेला साचा. कारण हिशोबाचं आहे. ब्लूजचे बारा बार, प्रत्येकी चार मात्रांचे, म्हणजे 48 मात्रा. तीनतालाची बरोबर तीन आवर्तनं. पहिलं आवर्तन पूर्ण सा ची कॉर्ड. दुसऱ्यात आठ मात्रा म ची, आठ मात्रा सा ची. तिसऱ्यात चार मात्रा प ची, चार म ची, उरलेल्या आठ सा ची. डाव्या हाताला आकार एकच: ग आणि वरचा कोमल नि. म ची कॉर्ड हवी तर दोन्ही बोटं एक पट्टी खाली, कोमल ग आणि ध. प ची हवी तर मूळ जागेपासून एक पट्टी वर, म आणि शुद्ध नि. इतकं सोपं असल्यावर वाजवण्यापेक्षा ऐकण्यावर लक्ष देता येतं. उजव्या हाताला धानी रागाचे स्वर द्या, सा, कोमल ग, म, प, कोमल नि, आणि जाता-येता तीव्र म चा स्पर्श. डावा हात शुद्ध ग वाजवतोय आणि उजवा कोमल. हे भांडण दोन्ही ग घेणारा जोग राग ऐकणाऱ्याला खटकू नये. मात्र धानी गाऊ नका. न्यास, पकड, आलाप सगळं बाजूला ठेवा. दोन मात्रा वाजवा, सहा मात्रा गप्प राहा. अमेरिकन पियानोवादक आणि बँडप्रमुख काउंट बेसी किती कमी वाजवत आणि तरी वाद्यवृंद कसा त्यांच्या बोटावर चालत असे, ते यासाठी ऐकावं.

खरी झुंज लयीशी. तीनतालात टाळी समेवर. जॅझमध्ये चुटकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर लावा आणि त्याच्या प्रत्येक ठोक्याला "दोन", "चार" म्हणा. एक आणि तीन मनात धरायचे. लय आपोआप 120 ची होते. पाच-सात मिनिटांत ठोका नकळत समेवर सरकतो, कारण आपला कान समेचा भुकेला. तसं झालं की वाजवता वाजवता सावरू नका, थांबा आणि परत सुरू करा. सावरण्याची सवय लागली की ती जात नाही. स्विंगचं, म्हणजे जॅझच्या लांब-आखूड झुलत्या चालीचं म्हणाल तर मात्रेची तिगुण (एका मात्रेत तीन ठोके) करा आणि फक्त पहिला आणि तिसरा ठोका वाजवा. मध्यम लयीत हे जवळपास बरोबर उतरतं. लय वाढली की हे लांब-आखूड आपोआप समसमान होत जातं. तिथे तिगुण ओढून धरली की घोड्याच्या टापा ऐकू येतात.

दुसरं काय बिघडतं? पेडल. पायाने ते दाबलं की पियानोचा स्वर लांबतो. पेटीत भाता चालू आहे तोवर स्वर टिकतो. पियानोत हातोडी तारेवर पडली त्या क्षणापासून स्वर विरायला लागतो. पेटीवाल्याला ही पोकळी सहन होत नाही, तो पाय दाबून ठेवतो आणि सगळा चिखल होतो. नवीन कॉर्ड खाली गेली त्याच क्षणी पाय वर, लगेच परत खाली. उजव्या हाताच्या चालत्या ओळीत पाय जमिनीवरच बरा. आणि आवाजाची ताकद पट्टी किती वेगाने खाली जाते यावर ठरते, किती जोराने दाबून धरली यावर नाही. पेटीत ते काम भात्याचं होतं, म्हणून बोटांना हे नवीन.

वाद्याबद्दल सगळे शेवटी विचारतात, पैसे मात्र आधी खर्च करून बसतात. नागपुरात नवशिक्याने डिजिटलच घ्यावा असं माझं स्पष्ट मत. 88 पट्ट्या, वजनदार हॅमर अॅक्शन (पट्टी खऱ्या पियानोसारखी जड), 128 स्वरांची पॉलिफनी (एका वेळी वाजू शकणारे स्वर), हेडफोनची जागा. बिनवजनाच्या 61 पट्ट्यांवर पेटीचीच सवय पक्की होते. जेवणाच्या टेबलावर ठेवू नका: टेबल साधारण 75 सेंटिमीटर, त्यावर वाद्याची जाडी, म्हणजे मनगट मोडूनच वाजवावं लागतं. पट्ट्यांचा पृष्ठभाग जमिनीपासून 72-73 सेंटिमीटरवर आणि कोपर त्याच्या किंचित वर, हे माप. सस्टेन पेडल वाद्य बंद असताना जोडा आणि सुरू करताना त्यावर पाय ठेवू नका. पेडल वर आहे की खाली हे बरीच वाद्यं सुरू होतानाच ठरवतात. नाही तर पाय काढल्यावर स्वर टिकेल, दाबल्यावर तुटेल आणि तुम्ही दुकानदाराला फोन कराल.

वारशाने लाकडी पियानो आलाच असेल तर त्याचा खरा शत्रू आपलं ऊन नाही, कूलर आहे. मे महिन्याच्या दुपारी बाहेरची हवा 20 टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेची. कूलर लावलेल्या खोलीत तीच 60-70 वर जाते, आणि वीज गेली किंवा टाकीतलं पाणी संपलं की परत खाली. तारांचा आवाज मोठा करणारा साउंडबोर्ड पातळ लाकडाचा असतो. दमट हवेत फुगतो, सूर चढतो, कोरड्या हवेत आकसतो, सूर उतरतो. पियानोत साधारण 230 तारा, मिळून 18 ते 20 टनांचा ताण. रोज दोनदा त्या लाकडाला श्वास घ्यायला लावला की ट्यूनिंगच्या खुंट्या सैल होतात. पियानो कूलरच्या झोतात नको, पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला टेकून नको. एक साधा आर्द्रतामापक आणून वर ठेवा. काटा 40 ते 50 मध्ये राहिला तर उत्तम, न राहिला तरी एकाच जागी राहणं महत्त्वाचं. पावसाळ्यात पट्ट्या अडकतात, कारण त्यांच्या खुंटीभोवतीचं फेल्ट फुगतं. त्यासाठी आत कमी वॉटचा बल्ब लावण्याची जुनी पद्धत चांगली, फक्त लाकडापासून आणि फेल्टपासून लांब. ऑक्टोबरला मात्र तो आठवणीने काढायचा. ट्यूनिंग मे मध्ये नको, जुलैत तर नकोच. नोव्हेंबरात हवा स्थिरावली की करा. मुंबईची खारी हवा नाही, म्हणून तारा इथे कमी गंजतात, तेवढं सुख. उंदरांचं पाहा. त्यांना हातोड्यांचं फेल्ट घरट्याला फार आवडतं.

डिजिटलवाल्यांनाही कूलर सोडत नाही. मोटरची गुणगुण 100 हर्ट्झची असते. जी चा स्वर 98 वर, म्हणजे ती पांढरी 5 च्या थोडी वर, बेसूर. तासभर ती कानात असली की डाव्या हाताचे खालचे स्वर उगाच खटकायला लागतात. उन्हाळ्यात सराव सकाळी आठच्या आत, कूलर सुरू व्हायच्या आधी, 25 मिनिटं. तर्री-पोहे नंतर.

ऐकायचं काय, याला माझं उत्तर लहान आहे. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 1959 चा अल्बम 'काइंड ऑफ ब्लू' घ्या, कारण त्यात एकाच ताफ्यासोबत दोन पियानोवादक ऐकायला मिळतात. पाचपैकी चार ठिकाणी बिल इव्हान्स, दुसऱ्या क्रमांकावर विंटन केली. ती दुसरी रचना काळी 5 मधली बारा बारची ब्लूज आहे. शेवटचे दोन बार ती घरी न येता काळी 4 वर थांबते, समेची वाट पाहणाऱ्याला चकवते. लोकमान्यनगर ते सीताबर्डी मेट्रोत जाताना एका फेरीत फक्त डावा हात ऐका, येताना फक्त गप्प जागा मोजा. तिहाईही नाही, टाळ्याही नाहीत, तरी आवर्तन कुठे संपलं ते कळतं का बघा.

आणि हे संगीत आपलं नव्हे, असं कोणी म्हटलं तर वाद घालू नका. टेडी वेदरफोर्ड नावाचा अमेरिकन पियानोवादक 1930 च्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये वाजवत होता आणि 1945 मध्ये कोलकात्यात वारला. त्या दोन शहरांमधली मुख्य रेल्वे आपल्या स्टेशनावरून जाते. सी. रामचंद्रांच्या गाण्यांत ट्रम्पेट फुंकणारे चिक चॉकलेट जॅझचेच. लग्नाच्या बँडमधला सॅक्सोफोन तर इतवारीतल्या पोरांनीही ऐकलाय.

किती दिवस लागतील? आठवड्याला एक पट्टी. गुढीपाडव्याला सुरू केलं तर आषाढी एकादशीपर्यंत चौदा आठवडे मिळतात. बारा पट्ट्या होऊन दोन आठवडे उरतात, मध्ये अधिक महिना आला तर चंगळच. तोवर पाऊस लागलेला असतो. पियानो लाकडी असेल तर बल्ब लावा.