जाळीतला कांदा आणि हिरव्या माशा: नोंद तिसरी

कांद्याच्या बियांसाठी परागीकरण व्हावं म्हणून जाळीत हिरव्या माशा सोडून आज 19 दिवस झाले. शेजारी कांद्याची दुसरी जात फुलली आहे, तिचा पराग नको म्हणून सोळा झाडं जाळीखाली झाकली आहेत. एवढ्याशा जागेत मधमाश्यांची पेटी ठेवली तर त्या छताला धडका देत बसतात आणि वसाहत खचते. हिरव्या माशीला ना राणी लागते, ना पोळं. शिवाय कोष (अळीनंतरची अवस्था, ज्यातून माशी बाहेर पडते) जाळीतच फुटत असल्यामुळे तिच्या अंगावर बाहेरचा पराग येतच नाही. बी शुद्ध हवं असेल तर ही फार मोठी गोष्ट आहे.

मागच्या खेपेला सगळे कोष एकदम ठेवले, ती चूक होती. कांद्याचा गोंडा, म्हणजे दांड्यावरचा फुलांचा झुबका, दोन-तीन आठवडे थोडा थोडा फुलत राहतो. त्यात प्रत्येक फूल आधी पराग सोडतं. तेव्हा कुक्षीचा (पराग झेलणाऱ्या टोकाचा) दांडा जेमतेम एक मिलिमीटर असतो. तो वाढून कुक्षी तयार होईपर्यंत त्याच फुलाचा पराग झडून गेलेला असतो. म्हणजे माशीने रोज एका फुलावरून दुसऱ्यावर फिरायलाच हवं. माझ्या माशा मात्र गोंडा अर्धा फुलेपर्यंत संपल्या होत्या.

यंदा कोषांचे तीन वाटे केले. एक लगेच जाळीत ठेवला, दोन उशिरा फुटावेत म्हणून फ्रिजमध्ये 4-5 अंशांवर. सहा-सहा दिवसांनी एकेक बाहेर काढला. साखरपाणी फक्त पहिल्या दिवशी दिलं, नंतर नुसत्या पाण्यात भिजवलेला स्पंज. आयतं गोड मिळालं की फुलांकडे फिरकणं कमी होतं, असं मला दिसलं.

दुसरा वाटा फुटताना समोरच बसलो होतो. माशी कपाळावरची पिशवी फुगवून कोषाचं टोपण ढकलते, फिकट राखाडी अंगाने बाहेर येते, पंख चुरगळलेले. तासाभरात तीच हिरवीगार चमकते. दुपारी ती गोंड्यावर उतरली तेव्हा छातीच्या केसांत परागाची पिवळी पूड स्पष्ट दिसत होती. कितीतरी वेळ बघत राहिलो.

उन्हाच्या बाजूला माशा छतालाच चिकटून बसायच्या. तिथे सावलीचं कापड टाकल्यावर खाली उतरू लागल्या.

आज सगळ्यात आधी फुललेल्या गोंड्यातलं एक बोंड नखाने उकललं. जास्तीत जास्त सहा दाणे धरतात. यात पाच निघाले, अजून दुधाळ. तुलनेसाठी एक गोंडा मलमलीच्या पिशवीत बांधून ठेवला होता, त्यातली बोंडं बहुतेक पोकळ आहेत. तिसरा वाटा काल फुटला. उशिराच्या फुलांचं काय होतं, ते आता त्याच्यावर आहे.