पहाटे साडेतीनची नोंद

गुडघेदुखीवरच्या एका औषधाच्या चाचणीचा डेटा आम्ही अंधेरीच्या कार्यालयातून सांभाळत होतो. प्रत्येक रुग्णाला एक मोबाइल दिला होता. गेल्या 24 तासांत वेदना किती होती, याचा 0 ते 10 मधला आकडा त्याने सायंकाळी 7 ते रात्री 11 या वेळात त्यावर नोंदवायचा होता. पूर्वी हे काम कागदी डायरीवर चाले. 2002 साली ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात अशा डायऱ्यांच्या बाइंडरमध्ये प्रकाश ओळखणारे संवेदक लपवले होते, डायरीवर लिहिलेल्या वेळा खऱ्या मानल्या तर 90 टक्के नोंदी वेळेवर होत्या, प्रत्यक्षात मात्र 11 टक्केच. नोंदीवर आपोआप उमटणारी वेळ मला म्हणूनच या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

डेटाबेस लॉकला, म्हणजे डेटा अंतिम करून त्यातले बदल बंद करण्याला, नऊ दिवस उरले असताना मुंबईतल्याच एका केंद्रावरच्या एका रुग्णाच्या साऱ्या नोंदी तपासणीत अडकल्या. 41 दिवसांच्या 41 नोंदी, आणि प्रत्येक नोंद पहाटे सव्वातीन ते पावणेचारच्या दरम्यानची.

आमच्या प्रोग्रामरने लगेच कारण सुचवले. सर्व्हर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, साठवतो आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असते. मोबाइलची सेटिंग चुकून रात्री दहाची स्थानिक वेळ यूटीसी म्हणून नोंदली गेली असेल, तर ती आम्हाला पहाटे साडेतीन अशीच दिसणार. साडेपाच तास वजा केले की सगळ्या नोंदी नियमात बसत होत्या. त्याने दुरुस्तीची स्क्रिप्टही लिहून ठेवली. हिशेब इतका चपखल होता की तासभर मलाही तो पटला होता.

तरीही मी ऑडिट ट्रेल, म्हणजे प्रत्येक नोंद कधी झाली, कधी बदलली याची आपोआप ठेवली जाणारी नोंदवही, उघडला. प्रत्येक नोंदीला दोन वेळा होत्या: मोबाइलवर जतन झाल्याची आणि सर्व्हरला मिळाल्याची. सर्व्हरचे घड्याळ मोबाइलच्या सेटिंगवर चालत नाही, आणि या दोन वेळांत कुठेही दोन मिनिटांहून अधिक फरक नव्हता. म्हणजे नोंदी खरोखरच पहाटेच्या होत्या, आणि ती दुरुस्ती केली असती तर आम्ही खरा डेटा स्वतःच्या हाताने खोटा केला असता. मग दुसरी शंका आली, की केंद्रावरचे कुणी रुग्णाच्या वतीने आकडे भरत तर नसेल? मी केंद्राला क्वेरी, म्हणजे खुलासा मागणारा लेखी प्रश्न, पाठवली.

लेखी उत्तराआधी केंद्रावरच्या कोऑर्डिनेटरचा फोन आला. ‘‘मॅडम, त्या मावशी मासे विकतात. पहाटे चारला ससून डॉकवर माल घ्यायला निघतात, दिवसभर बाजारात बसतात आणि संध्याकाळी सातला झोपतात. गजर त्यांना ऐकूच येत नाही. उठल्या की चहाआधी फोन भरतात.’’ आमच्याकडे त्यांचा फक्त क्रमांक होता. नाव आम्हाला कळत नाही आणि कळूही नये. त्या केंद्रावर एकही दिवस न चुकवणाऱ्या त्या एकट्याच होत्या, आणि आमच्या यादीत मात्र त्यांच्याच क्रमांकापुढे सर्वाधिक लाल खुणा होत्या, याचे मला फार वाईट वाटले. सायंकाळी 7 ते 11 ही वेळ ठरवताना पहाटे कामाला जाणाऱ्या माणसाचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता.

नोंदींना आम्ही हात लावला नाही. केंद्राने त्या प्रोटोकॉलपासूनचे, म्हणजे चाचणीच्या लेखी आराखड्यापासूनचे, विचलन म्हणून नोंदवल्या. कोणाला औषध आणि कोणाला प्लासिबो (औषध नसलेली, तशीच दिसणारी मात्रा) हे उघड होण्यापूर्वीच संख्याशास्त्रज्ञ आणि वैद्यकीय तज्ज्ञांनी लेखी ठरवले की प्रश्न 24 तासांचा असल्याने हे आकडे मुख्य विश्लेषणात धरावेत, पहाटेची नोंद आदल्या दिवसाची मानावी, आणि या नोंदी वगळूनही विश्लेषण एकदा करून पाहावे. लॉक दोन दिवस लांबला. पुढच्या चाचणीत मोबाइल हाती देण्याआधी रुग्णाची झोपण्याची आणि उठण्याची वेळ विचारून घेण्याचा रकाना आम्ही अर्जात घातला.