बंद झालेल्या बुटांच्या जागी काय? पावसाळ्याआधीची नोंद

ट्रेकचे माझे लाडके बूट कंपनीने बनवणं बंद केलंय आणि माझ्या जोडाचे टाचेकडचे दात आता सपाट झालेत. जूनच्या आत दुसरा जोड हवा. शोध कुठवर आलाय ते लिहून ठेवते, कारण रुंद चवडा आणि लहान माप असलेल्या आपल्यासारख्यांना पुण्यातल्या दुकानांत निवडायला फार थोडं मिळतं.

आधी त्या जोडात काय होतं ते. घोट्याखाली संपणारे, जाळीचे, वॉटरप्रूफ अस्तर नसलेले बूट. अस्तर नसणं मला फार मोलाचं वाटतं. सह्याद्रीच्या पावसात पाणी बुटाच्या वरून, मोज्यावाटे आत शिरतं. अस्तर असलं की ते आतच साचतं आणि दिवसभर पाय त्यात भिजत राहतो. जाळीतून ते चालता चालता निघून जातं. दुसरं म्हणजे चवड्याला जागा भरपूर आणि टाच मात्र घट्ट. राजगडावरून चोर दरवाजाने गुंजवण्यात उतरताना पाय पुढे सरकायचा नाही, त्यामुळे अंगठ्याची नखं काळी पडली नाहीत. आणि तिसरं, रबर. ओल्या कातळावर पाऊल टाकलं की ते टाकलं तिथेच राहायचं. हा भरवसा एकदा अंगात मुरला की तो नसलेल्या बुटात चालणंच बदलतं. माणूस प्रत्येक पावलाला बिचकतो.

त्याच नावाचा नवा जोड बाजारात आहे. नाव तेच, रंगही जवळपास तोच, पण फर्मा बदललाय. फर्मा म्हणजे ज्या साच्यावर बूट चढवून शिवतात तो. बुटाचं बसणं सगळं त्यावर ठरतं. नव्याचा चवडा निमुळता आहे, आणि सोलवर नख दाबलं तर ठसा उमटत नाही, इतकं रबर कडक. टिकेल पुष्कळ, पण ओल्या दगडावर मला ते नको. म्हणून मॉडेलच्या नावांमागे धावायचं सोडलं आणि फर्मा, रबर, मधला थर या तीनच गोष्टी बघायला लागले. नावं दर एक-दोन वर्षांनी बदलतात. या तीन गोष्टी बघता आल्या की कुठल्याही दुकानात काम भागतं.

मधल्या थरावरून आठवलं. लक्ष्मी रोडच्या मागच्या एका दुकानात माझाच जुना जोड, माझ्याच मापाचा, खोक्यासकट निघाला. दुकानदार म्हणाले, "ताई, एकदाही पायात गेलेला नाही." खरंच गेलेला नव्हता. पण सोलच्या वरचा थर अंगठ्याने दाबला तर चीर पडली आणि भुगा हाताला लागला. तो थर पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा. पीयू वर्षानुवर्षं दबत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण हवेतल्या ओलाव्याने त्याची रासायनिक साखळी हळूहळू तुटत जाते, आणि बूट न वापरता ठेवला तरी हे चालूच राहतं. आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात तर अधिकच. म्हणून बंद झालेल्या मॉडेलचा जुना साठा दिसला तर खोक्यावरची किंवा जिभेच्या आतल्या लेबलवरची तारीख बघा, आणि मधला थर दाबून, वाकवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ईव्हीए या दुसऱ्या, हलक्या फोमच्या थराचा असा भुगा होत नाही. तो दबून दबून निर्जीव होतो.

सोल बदलून घेण्याचाही विचार केला. मंडईजवळच्या एका काकांकडे माझा जोड घेऊन गेले. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "सोल लावून देईन, पण मधलंच उद्या गेलं तर शिलाई धरणार कशाला?" पटलं. चिकटवलेल्या सोलच्या हलक्या बुटांत ही अडचण येतेच. शिवाय बसवायला मिळणारं रबर टायरच्या जातीचं असतं, आणि मला हवी असलेली पकड त्यात नाही.

मापाचं थोडं. यूके मापात एका नंबरचा फरक साधारण 8.5 मिलिमीटर असतो, युरोपियन मापात 6.7. त्यामुळे दोन यूके नंबरांच्या मध्ये अडकणाऱ्या पायाला युरोपियन आकडा कधीकधी नेमका सापडतो. बायकांच्या बुटांचा फर्मा बहुतेक अरुंद, म्हणून मी पुरुषांचे बूट घेते. पण त्यांची मापं बरेचदा यूके 6 पासूनच सुरू होतात आणि मला लागतो 5. पाय संध्याकाळी मोजा, ट्रेकचेच मोजे घालून.

आता पायात घालून पाहिलेले जोड. पहिला ट्रेल रनिंगचा, खोल दातांचा. कात्रज-सिंहगड वाटेवरच्या मुरमाड उतारांवर, घसाऱ्यावर, फार छान. पण तळ इतका मऊ की टोकदार दगड तळव्याला जाणवतो, आणि रात्रभराच्या चालीत ते सोसवत नाही. दुसरा एका मैत्रिणीचा, अप्रोच शू, म्हणजे कातळावर चालण्या-चढण्यासाठीचा बूट. त्याचं रबर व्हिब्रमचं मेगाग्रिप. या कंपनीचा इतिहास मला नेहमी हलवून जातो: 1935 मध्ये आल्प्समध्ये सहा सोबती गमावल्यावर व्हिताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाने खिळ्यांच्या बुटांऐवजी रबराच्या दातेरी सोलचा ध्यास घेतला आणि 1937 मध्ये तो सोल आणला. मात्र सोलवर व्हिब्रम लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. ते लोक अनेक प्रकारची रबरं बनवतात, आणि मेगाग्रिप हे त्यातलं ओल्या-कोरड्या दोन्ही दगडांसाठीचं. वेताळ टेकडीच्या खाणीत कातळावर बाटलीतलं पाणी ओतून चढून-उतरून पाहिलं. पाऊल हललं नाही. माझ्या जुन्या जोडाच्या इतकं जवळ दुसरं काही आलेलं नाही. पण दात उथळ आहेत, त्यामुळे टेकडीच्या उतारावरच्या वाळक्या गवतावर आणि सुट्या मातीत घसरायला होतं.

तिसरा जोड मागवलाय तो पुरुषांचा 5 नंबर. रबर मऊ, दात मध्यम, जाळी मोकळी, मधला थर ईव्हीएचा. चवडा बसला, टाच किंचित ढिली. सर्वांत वरच्या जादा भोकांतून नाडीचा फास घेऊन बांधल्यावर टाच बरीच धरली जाते. जाड इनसोल घालून अजून पाहायचंय. सध्या माझा कल याच जोडाकडे आहे.

एक चाचणी उन्हाळ्यात होऊ शकत नाही. पाणी ओतलेला कातळ आणि शेवाळलेला कातळ यांत फार अंतर आहे. पाऊस लागून शेवाळ धरलं की आतकरवाडीच्या वाटेने सिंहगडावर एका पायात जुना आणि एका पायात नवा घालून जाणार आहे, मग लिहीन. तोवर पुरुषांचा 5 नंबर रुंद फर्म्यात कोणाला मिळाला असेल तर दुकान आणि पेठ नक्की कळवा.