रामेछाप ते लुक्ला: वीस मिनिटं आणि दोन दिवस

मी नेपाळमध्ये एव्हरेस्ट बेस कॅम्पला ग्रुप नेते. विमानाने लुक्ला गाठायचं आणि तिथून पायी चालायला लागायचं. नाव नोंदवलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, रामेछाप ते लुक्ला अंतर किती? विमानाला वेळ किती लागतो?" त्याचं आधी सरळ उत्तर देते. हवाई अंतर साधारण ७५ किलोमीटर, उड्डाण पंधरा ते वीस मिनिटांचं. काठमांडूहून थेट गेलात तर सुमारे १३५ किलोमीटर, अर्ध्या तासाहून थोडं जास्त.

मग काठमांडूहूनच का जात नाही? गर्दीच्या महिन्यांत त्रिभुवन विमानतळाच्या एकुलत्या एका धावपट्टीवर छोट्या विमानांना लवकर जागा मिळत नाही. म्हणून लुक्लाची बरीच उड्डाणं रामेछाप जिल्ह्यातल्या मन्थलीहून सुटतात. त्यासाठी काठमांडूहून मध्यरात्रीनंतर जीपने निघायचं, चार-पाच तासांचा घाटरस्ता. झोपमोड होते, हे खरंच. पण अंतर कमी असल्याने तेच विमान एका सकाळी जास्त फेऱ्या मारतं. आणि लुक्लाला खरी किंमत सकाळचीच आहे.

ती का, ते तिथली धावपट्टी पाहिली की कळतं. लांबी जेमतेम ५२७ मीटर, उंची २८४५ मीटर. एवढ्या उंचीवर हवा विरळ, त्यामुळे विमान वेगात टेकतं आणि थांबायला जास्त जागा मागतं. जागा तर नाही. म्हणून पट्टीच चढावर आहे, जवळजवळ १२ टक्के! या टोकापासून त्या टोकापर्यंत साठेक मीटरचा, म्हणजे वीस मजली इमारतीएवढा फरक. उतरताना चढ वेग खातो, उडताना तोच उतार वेग देतो. खालच्या टोकाला दूधकोशी नदीची दरी, वरच्या टोकाला डोंगर. अगदी जवळ आलेल्या विमानाला पुन्हा वर उठून घिरटी घेता येत नाही. त्यामुळे वैमानिकाला पट्टी डोळ्यांनी स्वच्छ दिसलीच पाहिजे. दुपारकडे वारा सुटतो, दरीतून ढग वर चढतात आणि लुक्ला बंद होतं.

१९६४ मध्ये एडमंड हिलरींनी शेर्पांना सोबत घेऊन ही पट्टी केली, ती वरच्या गावांतल्या कामांचं सामान पोहोचावं म्हणून. त्यातलंच एक, खुंदे गावचं हॉस्पिटल, १९६६ मध्ये सुरू झालं. पट्टीवर डांबर पडायला मात्र २००१ उजाडलं. आज ट्रेकर्सची गर्दी दिसते तेव्हा हे मला हटकून आठवतं.

मन्थलीला पहाटे सॅक काट्यावर चढते. साधारण १५ किलोची मर्यादा असते. विमानात हवाईसुंदरी गोळ्या आणि कानात घालायला कापूस देते. जाताना डावीकडे बसायला मिळालं तर बसा, हिमशिखरं त्या बाजूला असतात.

उड्डाण रद्द झालं की काउंटरवर आरडाओरडा करणारे पाहिले की मला फार वाईट वाटतं. ढग बघून "नाही" म्हणणाऱ्या वैमानिकाबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे.

तेव्हा वेळ विचारत असाल तर माझा हिशोब असा: उड्डाणाला वीस मिनिटं, आणि परतीच्या वाटेवर दोन दिवस राखीव. लुक्लाहून निघायच्या दुसऱ्याच दिवशीचं काठमांडू-मुंबई तिकीट काढू नका. हेलिकॉप्टरलाही तेच हवामान लागतं. फारच अडकलात तर चालत खाली फाप्लू गावाच्या बाजूला उतरून जीपने काठमांडू गाठता येतं, पण त्यालाही दिवस हवेत. सुट्टी कमी असेल तर मला आधी सांगा. आपण सहलीच्या शेवटी ठेवलेलं काठमांडू दर्शन गाळू.