जुन्या लॅपटॉपचं वायफाय कार्ड: आधी स्लॉट बघा, मग स्पीड

साताऱ्या-सांगलीत आता गल्लोगल्ली फायबर पोचलंय, पण २०१२-१४च्या लॅपटॉपवर १०० एमबीपीएसच्या प्लॅनमधले तीस-चाळीसच मिळतात. दर वेळी दोष लाइनचा नसतो. त्या काळच्या स्वस्त लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा एका अँटेनाचं, फक्त २.४ गिगाहर्ट्झचं कार्ड असायचं. २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर त्याचा लिंक स्पीडच (कार्ड आणि राउटरमधला वेग) ७२ एमबीपीएस, आणि डाउनलोड साधारण त्याच्या निम्म्याने. कार्ड बदललं की हा अडथळा जातो.

खालचं झाकण काढून स्लॉट बघा. जवळपास चौकोनी, ३० मिमी रुंद कार्ड म्हणजे मिनी पीसीआय-एक्स्प्रेस. २२ मिमी रुंदीचं, एका स्क्रूचं असेल तर एम.२. मिनीसाठी इंटेल ७२६० एसी घ्या: दोन अँटेना, ५ गिगाहर्ट्झवर ८६७ एमबीपीएस लिंक, विंडोज ७ वरही चालतं. एम.२ असेल आणि विंडोज १० (६४ बिट) किंवा लिनक्स (कर्नल ५.१ किंवा त्यापुढचं) असेल, तर एएक्स२००. मात्र एएक्स२०१ जुन्या लॅपटॉपसाठी अजिबात घेऊ नका. स्लॉटमध्ये ते नीट बसतं, पण त्याचं निम्मं काम मदरबोर्डवरच्या इंटेलच्या नव्या चिपसेटमध्ये होतं. जुन्या मशीनला ते दिसतच नाही. नावात एका आकड्याचा फरक, म्हणून ऑर्डर देताना नंबर पुन्हा वाचा.

दुसरी अडचण बायोसची, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरची. लेनोवोच्या एक्स२३०, टी४३० सारख्या थिंकपॅडमध्ये आणि त्या काळच्या बऱ्याच एचपींमध्ये मंजूर कार्डांची यादी असते. यादीबाहेरचं कार्ड लावलं की थिंकपॅड १८०२ एरर दाखवून सुरूच होत नाही. अशा वेळी कंपनीच्या पार्ट नंबरचंच कार्ड शोधावं.

अँटेनाच्या वायरी मोजायला विसरू नका. एकच वायर असेल तर दोन अँटेनाचं कार्ड निम्म्या ताकदीनं चालतं. दुसरी वायर स्क्रीनच्या कडेनं वर न्यावी लागते, आणि ते काम किचकट आहे. शिवाय मिनी कार्डाच्या वायरीचं टोक एम.२ कार्डावर बसत नाही, एम.२ची टोकं बारीक असतात. मिनी स्लॉटमध्ये अडॅप्टर लावून एम.२ कार्ड वापरणार असाल तर वायरी बदलाव्या लागतील आणि उंचीमुळे झाकण अडू शकतं.

बसवताना चार्जर आणि बॅटरी दोन्ही काढा, धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. कार्ड तिरकं सरकवा, मग दाबून स्क्रू लावा. वायरीचं टोक सरळ वरून, टिक आवाज येईपर्यंत दाबा. तिरकं दाबलं तर कार्डावरची कडी वाकते, मग सिग्नल एकदम पडतो.

साताऱ्याच्या पेठांमधल्या जुन्या वाड्यांत दगडी भिंती जाड आहेत. ५ गिगाहर्ट्झ तिथे एका भिंतीपलीकडेच क्षीण होतं, म्हणून राउटर त्याच खोलीत असेल तरच नव्या कार्डाचा पुरता फायदा. ते शक्य नसेल तर लॅन केबल ओढा. फक्त लॅपटॉपचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचा आहे का ते तपासा; तसा असेल आणि प्लॅन त्याहून मोठा असेल, तर यूएसबी ३.० पोर्टवर गिगाबिट (१००० एमबीपीएस) लॅन अडॅप्टर लावा.