आमची वाटचाल : श्वास सोडा, मग माप घेऊ

आमच्या पहिल्या मापवहीतली कंबरेची निम्मी मापं खोटी आहेत.

कुणी मुद्दाम खोटं सांगितलं असं नाही. कंबरेभोवती टेप गेली की समोरच्या बाईचं पोट आपोआप आत जायचं, श्वास अडकायचा, आणि मी भोळसटासारखी टेपवरचा आकडा वहीत उतरवून घ्यायचे. कपडा तयार झाला की ट्रायलला घट्ट. मग उसवा, माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड, सोडा, पुन्हा शिवा. दोन मशिनं, एक खोली, मी आणि माझी नणंद, एवढ्यावर सोळा वर्षांपूर्वी धंदा सुरू केलेला. उसवत बसायला वेळ कुणाकडे होता? शेवटी नणंदेनेच युक्ती काढली. टेप लावायची आणि विचारायचं, "काल झोप लागली का नीट?" बाई बोलायला लागली की श्वास सुटतो, पोट जागेवर येतं. आकडा तेव्हा वाचायचा. आजही नवीन येणाऱ्या मुलीला आम्ही कात्रीच्या आधी हे शिकवतो.

दुसरी गोष्ट लक्षात यायला मात्र वर्ष गेलं. माप देताना बायका माफी मागतात. "सॉरी हं, माझे दंड जरा जाडच आहेत." "पोटाकडे बघू नका, कमी करणारे मी." दंड त्यांचे, कापड त्यांचं, शिलाई त्या देणार, आणि माफी माझ्याकडे! मी आपली म्हणायचे, "अहो, छान दिसताय की." आता वाटतं, तेही उत्तर चुकलंच. दंडाचा घेर माझ्या लेखी तेरा इंच असतो किंवा साडेचौदा. त्यात छान काय आणि वाईट काय? हल्ली आम्ही आकडा मोठ्याने उच्चारत नाही, नुसता लिहून घेतो.

ही माफी येते कुठून, ते त्यांच्या पर्समध्येच सापडायचं. सुरुवातीला मासिकाचं कापलेलं पान, पुढे मोबाईल. "अगदी असंच हवं." बोट गळ्याच्या नक्षीवर, नजर मॉडेलच्या कंबरेवर. गळा मी हुबेहूब काढून देईन, कंबर कुठून आणू? ट्रायलच्या आरशात तोच गळा, तीच बाही, आणि चेहरा पडलेला. शिवणीत काही चुकलंय का म्हणून मी वाकून बघायचे, तर वरून आवाज यायचा, "तुमचं नाही चुकलं ताई, माझंच..." पुढचं वाक्य कधी पुरं व्हायचं नाही.

काम वाढलं तेव्हा फॅशनचा कोर्स केलेली एक मुलगी डिझाइनला घेतली. तिचं पहिलं चित्र कटिंग मास्तरांनी हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि विचारलं, "ताई, हिला गुडघे किती?" मुलगी हिरमुसली. पण तिचा दोष नव्हता, शिकवतातच तसं. उभ्या माणसाची उंची साधारण त्याच्या साडेसात डोक्यांएवढी भरते. फॅशनच्या चित्रात ती नऊ डोक्यांची काढतात, कधी दहा, आणि वाढवलेली उंची बहुतेक सगळी पायांत जाते. कापडाचा झोल त्याने झोकात दिसतो, हे खरं. पण म्हणजे कपडा जन्मालाच येतो तो अस्तित्वात नसलेल्या बाईच्या अंगावर. मास्तरांनी त्या दिवसापासून चित्राला नाव ठेवलं, जिराफ. "आजचा जिराफ आला का?" असं रोज विचारायचे.

खरा धडा मिळाला तो रेडिमेडला हात घातल्यावर. शिलाईत माणूस आधी आणि कपडा नंतर; रेडिमेडमध्ये उलटं. मधल्या साइझचा एक नमुना कापायचा, तो बसला की ग्रेडिंग करून लहानमोठे साइझ काढायचे. आम्ही सगळीकडे सारखं वाढवत गेलो. पण माणूस सगळीकडून सारखा वाढत नाही. कंबर चार इंच वाढली म्हणून खांदा त्या हिशेबाने रुंदावतो थोडाच? आमच्या मोठ्या साइझचे खांदे दंडावर उतरायचे आणि मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर, काखेत काचायचा. दोन्ही एकाच कपड्यात! पॅटर्न आमचा चुकलेला, आणि परत करायला आलेली बाई म्हणायची, "माझं अंगच बेढब आहे."

तेव्हा मी या साइझच्या आकड्यांच्या मुळाशी जायचं ठरवलं. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० बायकांची, प्रत्येकीची ५९ मापं घेतली आणि १९४१ मध्ये ती छापली. गोऱ्या नसलेल्या बायकांची मापं हिशेबातून वगळली. त्या आकड्यांच्या आधारे १९५८ मध्ये तिथे प्रमाण साइझ ठरले, आणि १९८३ मध्ये ते प्रमाणच मागे घेतलं गेलं. पुढे ज्याचा त्याचा आकडा. त्यातून एक गंमत सुरू झाली: कपडा मोठा करायचा आणि आकडा तोच ठेवायचा, म्हणजे गिऱ्हाईक खूश. ज्या आकड्यापायी बायका जेवण सोडतात, तो दुकानागणिक बदलतो.

हे वाचून मी शहाणी झाले असं समजू नका. आम्हीही तेच केलं. नणंद म्हणाली, "वहिनी, एलवर एमची लेबलं लावून बघू." खप वाढला. दोन हंगाम आम्ही हुशारीत होतो. मग एक जुनी गिऱ्हाईक आली, लेकीला घेऊन. म्हणाली, "तुमच्याकडे ही एम. परवा दुसरीकडे एम चढेना, एक्सएल लागला. घरी येऊन रडली. ही नक्की किती आहे, तेवढं एकदा सांगा." लेक पंधरा-सोळा वर्षांची, जमिनीकडे बघत उभी. मी काय सांगणार? लेबल शिवणारे हात माझेच होते.

आता कॅटलॉगचं सांगते. हे सांगायला सोपं नाही.

पहिल्या कॅटलॉगला मॉडेल परवडेना, म्हणून काज-बटण करणाऱ्या आमच्याच एका मुलीला उभं केलं. उंच, भरल्या अंगाची, हसरी. ज्यांनी कपड्यांचं शूटिंग पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: फोटोत कपडा अंगाबरोबर बसलेला दिसतो तो पाठीमागच्या चापांमुळे. सहा-सात चाप लावून ढिला कपडा मागे ओढून धरलेला असतो. मॉडेल वळली तर साळिंदर दिसेल! तिथवर ठीक होतं. पुढे फोटो कॉम्प्युटरवर गेला. कंबर आत घेतली, दंड बारीक केले, कोपराची सुरकुती पुसली, मान थोडी वर ओढली. फोटोग्राफर विचारत होता, "बास?" आणि शेजारी बसून मी म्हणत होते, "अजून थोडं."

कॅटलॉग छापून आला, सगळ्यांनी कौतुक केलं, तिने एक प्रत घरी नेली. त्यानंतर ती जेवणाच्या सुट्टीत मशिनवरच बसून राहू लागली. आठवडा झाला, दहा दिवस झाले. नणंदेने बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाली, "पुढच्या कॅटलॉगपर्यंत फोटोतल्यासारखी होते मी. म्हणजे तुम्हाला कॉम्प्युटरवर काम पडणार नाही."

माणूस स्वतःला जोखतो तो आसपासच्या माणसांशी ताडून, असं लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलं होतं. आमची ही पोरगी स्वतःलाच स्वतःशी ताडत होती, आणि त्यातली एक मी बनवलेली होती. आता तर फिल्टर लावून हे प्रत्येक जण रोज स्वतःच करून घेतो, फोटोग्राफरचीही गरज उरली नाही.

फिजी बेटांवरचा अभ्यास माझ्या वाचनात आला तो त्याच सुमारास. तिथे भरलेलं शरीर चांगलं मानायची रीत. एका भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. अ‍ॅन बेकर या संशोधक बाईंनी टीव्ही आल्या आल्या शाळेतल्या मुलींची पाहणी केली आणि तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, पुन्हा केली. वजन कमी करायला मुद्दाम उलटी काढणारी पहिल्या वेळी एकही नव्हती. दुसऱ्या वेळी अशा मुली ११ टक्के निघाल्या. ७४ टक्के मुलींना आपण कधी ना कधी तरी फार जाड आहोत असं वाटत होतं. दोन्ही वेळी मुली साठ-पासष्टच होत्या, आणि खाण्याच्या अशा आजारांमागे आनुवंशिकतेपासून घरच्या बोलण्यापर्यंत बरंच काही असतं, तेव्हा सगळं खापर टीव्हीवर फोडता येणार नाही. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही.

फ्रान्समध्ये ऑक्टोबर २०१७ पासून जाहिरातीत मॉडेलचं शरीर बारीक किंवा जाड केलं असेल तर फोटोवर तसं लिहावं लागतं. इस्रायलने तसा कायदा २०१२ मध्येच केला होता. मला आधी वाटलं, आपणही लिहू. पण नुसत्या सूचनेचा फारसा उपयोग होत नाही, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, आणि मला त्याचं नवल वाटत नाही. सूचना वाचूनही नजर कंबरेवरच जाते. म्हणून आमचा नियम साधा ठेवला. लोंबणारा दोरा पुसायचा, कापडावरचा डाग पुसायचा, अंगाला हात लावायचा नाही. चापही बंद. त्यामुळे फिटिंग खरोखर सुधारावं लागलं, मास्तर महिनाभर कुरकुरत होते.

मग पुतळे. दुकानातले पुतळे आपण बघतो, मोजत नाही. फिनलंडमधल्या डॉक्टरांनी मोजले. जुन्या-नव्या पुतळ्यांची मापं घेऊन त्यांनी १९९२ मध्ये लिहिलं की आधुनिक पुतळ्यासारखी अंगकाठी असलेल्या बाईला बहुधा पाळीच येणार नाही. ब्रिटनमधल्या दुकानांत नंतर पाहणी झाली, त्यात तर स्त्रियांचे झाडून सगळे पुतळे कमी वजनाच्या मापाचे निघाले. नवीन पुतळे घ्यायची आमची ऐपत नव्हती. नणंदेने जुनी मापवही काढली, श्वास सोडलेली मापं निवडली, आणि पुतळ्यांना कापसाचे थर बांधून वर कापड शिवलं. एकाला पोट आलं, एकीचा डावा खांदा उतरता ठेवला, कारण वहीत तसे खांदे ढीगभर सापडले. पहिल्या दिवशी दुकानात शिरलेली एक बाई पुतळ्यासमोर थबकली आणि खो खो हसली. म्हणाली, "ही तर मीच!"

पुरुषांच्या शर्टात आम्ही उशिरा पडलो आणि वाटलं, इथे तरी हा ताप नसेल. कसलं काय! मुलं श्वास आत घेत नाहीत, भरून घेतात. छाती फुगवून उभे राहतात आणि शर्ट पुढे झोळीसारखा होतो. पोरांच्या खेळण्यातला जी. आय. जो हा सैनिक १९६४ मध्ये आला तेव्हा साध्या बांध्याचा होता. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत त्याचे दंड फुगतच गेले, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी मोजून दाखवलंय. माप द्यायला आलेल्या मुलांनाही आम्ही झोपेबद्दलच विचारतो.

धंद्याचं म्हणाल तर हे बदल केल्यावर पहिले दोन हंगाम खप पडला. माल ठेवणाऱ्या एका दुकानदाराने कॅटलॉग परत पाठवला, "जरा बऱ्या मुली घ्या" असा निरोप देऊन. नणंदेने त्यांना पुन्हा माल दिला नाही, मी असते तर दिला असता. हळूहळू फिटिंगसाठी परत येणारे कपडे कमी झाले आणि गाडी रुळावर आली. फार मोठे झालो नाही. पंचवीस माणसं आहोत.

ती काज-बटणवाली मुलगी आता ट्रायल रूम सांभाळते. लेबलवरचे एम-एल काढून आम्ही छाती-कंबर-सीटची खरी मापं छापतो, तरी ती म्हणते की काही जणींना तीही नको असतात. कपडा घेतात, पण आकडा सोबत नेत नाहीत. त्यांच्यासाठी तिने ट्रायल रूमच्या दाराशी एक छोटी कात्री दोरीला बांधून ठेवली आहे. संध्याकाळी झाडताना कापलेली लेबलं निघतात, रोज मूठभर.